विषय: शनिवारच्या व्याख्यानाची वेळ आणि पाहुण्यांचा जेट लॅग

कार्यक्रम समिती:
सप्रेम नमस्कार. व्याख्यात्या गुरुवारी सकाळी उतरत आहेत. त्यांच्या घड्याळापेक्षा आपले ८ तास पुढे आहे आणि व्याख्यान शनिवारी सकाळी १० वाजता ठेवले आहे. वेळ बदलावी का, आणि उतरल्यावर त्यांची व्यवस्था कशी ठेवावी, हे आजच कळवावे. सभागृहाला उद्या निरोप द्यायचा आहे.

उत्तर १:
वेळ बदलण्याचे कारण दिसत नाही. आल्या आल्या त्यांना उन्हात तासभर फिरवून आणावे आणि दिवसा झोपू देऊ नये. आजवर सर्व पाहुण्यांना आम्ही हेच सांगत आलो आहोत.

उत्तर २:
काका, ऊन हाच मुख्य उपाय, याबद्दल दुमत नाही. पण ते चुकीच्या वेळी मिळाले तर शरीराचे घड्याळ उलट दिशेला सरकते. शरीराचे तापमान नेहमीच्या जागे होण्याच्या वेळेआधी साधारण दोन-तीन तास सर्वांत कमी असते. त्या क्षणाआधीचा उजेड घड्याळ मागे नेतो, नंतरचा पुढे आणतो. ताईंच्या शरीरात ही वेळ त्यांच्याकडच्या पहाटे ४ ची धरली, तर गुरुवारी ती आपल्याकडच्या दुपारी १२ ला येईल. म्हणून दुपारपर्यंत गडद चष्मा किंवा पडदे लावलेली खोली आणि १२ नंतर भरपूर ऊन, असा क्रम ठेवावा. पुढे रोज ही वेळ तासाभराने अलीकडे आणावी. पूर्वेकडे येताना शरीर साधारण दिवसाला एकच तास सावरते, त्यामुळे शनिवारी सकाळी १० वाजता त्यांच्या शरीरात पहाटेचे तीन-चार वाजलेले असतील. माझी मुलगी परीक्षेसाठी अशीच पूर्वेकडे गेली होती. सकाळच्या पेपरात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा वाचूनही तिला अर्थ लागेना आणि रात्री अडीचला ती टक्क जागी असे. व्याख्यान दुपारी ४ ला ठेवावे, असे मी आग्रहाने सुचवते.

उत्तर ३:
एवढे ऊन-सावलीचे गणित सांभाळण्यापेक्षा मेलाटोनिनची (शरीराला झोपेची वेळ कळवणाऱ्या संप्रेरकाची) जास्त मात्रेची गोळी रात्री दिली, तर काम होणार नाही का?

उत्तर ४:
मात्रा वाढवल्याने घड्याळ त्या प्रमाणात अधिक सरकत नाही, ०.५ ते ५ मिलिग्रॅममध्ये परिणाम जवळपास सारखाच दिसतो, फक्त मोठ्या मात्रेने झोप लवकर लागते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनसारख्या औषधांबरोबर किंवा फिट येण्याचा आजार असल्यास ती परस्पर घेणे योग्य नाही. पाहुण्यांना गोळी देणे हे मंडळाचे काम नव्हे. तो निर्णय त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावा. दुपारच्या झोपेलाही सरसकट बंदी नको. वीस-तीस मिनिटांची डुलकी घेऊ द्यावी, मात्र संध्याकाळी कॉफी टाळावी, कारण तिचा अंमल बरेच तास राहतो.

सभागृह समिती:
सभागृहाची वेळ आमच्या समितीला विचारल्याशिवाय जाहीर करू नये, ही विनंती पूर्वीही केली आहे. उत्तर २ मधील मुद्दा मात्र पटला. दुपारी ४ ते ६ या वेळेत मुलांच्या नाटकाची तालीम आहे. ती सकाळी १० ला हलवता येईल. तालमीच्या ताईंनी आज रात्री ९ पर्यंत होकार कळवावा, म्हणजे नवीन वेळेचे पत्रक उद्या सकाळी पाठवता येईल.