पुरलेला खजिना आणि ९-९: शोध की नुसता हिशेब?

फावडेधारी
माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या जगात चालणाऱ्या संगणकीय खेळाच्या मागच्या धाग्यात सांजवारा यांनी ठणकावून सांगितले होते की, एफ३ (आपण उभे आहोत तिथले निर्देशांक दाखवणारा पडदा) उघडून पुरलेली पेटी काढणारा माणूस खजिना शोधत नाही, नुसता उचलतो, आणि अशा माणसाने नकाशा जाळून टाकलेला बरा. तिथे उत्तर दिले असते तर मूळ विषय बुडाला असता, म्हणून हा वेगळा धागा.

नकाशावरची लाल फुली ज्यांनी नीट पाहिली आहे, त्यांना ठाऊक असेल की ती एकाच ठोकळ्यावर बोट ठेवत नाही. फुलीच्या चित्राखाली कितीतरी ठोकळे झाकले जातात आणि पेटी त्यांतल्या एकाच ठोकळ्यात, वाळूखाली किंवा खडीखाली दडलेली असते. संगणकावरच्या जावा आवृत्तीत ती १६ × १६ ठोकळ्यांच्या चंकमध्ये, म्हणजे जगाच्या चौरस तुकड्यात, नेहमी ९-९ वरच, म्हणजे दोन्ही दिशांना ९ क्रमांकाच्या ठोकळ्यावरच असते, हे कळल्यावर शोध संपतो असे ज्यांना वाटते, त्यांनी फुली दोन चंकच्या सीमेवर पडली असताना तिथे उभे राहून पाहावे. कोणता चंक धरायचा, हे किनाऱ्याचे वळण आणि नकाशावरची रेघ ताडूनच ठरवावे लागते. याला नकाशावाचन म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? उलट, शुद्ध मार्गाने जाणारे लोक अर्धा किनारा उकरून खड्डे तसेच टाकून निघून जातात, त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

सांजवारा
माझेच वाक्य घेतले आहे, तर माझी बाजूही ऐका. बुडालेल्या जहाजात श्वास संपत आलेला असताना नकाशा हाती लागणे, होडी काढणे, आपण नकाशाबाहेर असेपर्यंत कडेला चिकटून राहणाऱ्या त्या बारीक खुणेवरून दिशा ठरवणे आणि अखेरीस समोरचा किनारा व हातातली रेघ जुळणे, या सगळ्याची किंमत शेवटच्या खोदकामात चुकवायची असते. ९-९ ठाऊक असले की ती किंमत तर जातेच, पण त्याहून वाईट गोष्ट आपण सोयीस्करपणे गाळली आहे: मग नकाशाचीही गरज उरत नाही. आमच्या सर्व्हरवर एका महाशयांनी एकही जहाज न धुंडाळता किनाऱ्यावरच्या प्रत्येक चंकमध्ये ९-९ वर भोक पाडले, किनाऱ्याची चाळण केली आणि आम्ही नकाशे घेऊन पोहोचलो तेव्हा सगळ्या पेट्या रिकाम्या होत्या. खड्ड्यांची तक्रार कोणी कोणाकडे करायची?

आठवा_ठोकळा
आपण दोघेही संगणकावर बसून भांडत आहात. मोबाइलवर खेळणाऱ्या आम्हा बेडरॉक आवृत्तीवाल्यांकडे एफ३ नाही. जगाच्या सेटिंगमध्ये निर्देशांक चालू केले तरी फक्त तीन आकडे दिसतात, चंकमधली जागा आमची आम्हालाच काढावी लागते आणि आमच्याकडे पेटी ९-९ वर नसून ८-८ वर असते. माझा भाचा कुठल्याशा व्हिडिओत पाहून ९-९ वर खणत बसला होता आणि "मावशी, गेमच बिघडला आहे," म्हणून रडकुंडीला आला होता. जावावाल्यांनी सल्ला देताना आवृत्ती सांगण्याची तसदी घेतली असती, तर ही वेळ आली नसती.

उणे_सात
मुळात जावावाल्यांनाही हिशेब येत नाही, हे माझे जुने दुखणे आहे. धन बाजूला जागा ९, २५, ४१ अशा येतात, इथपर्यंत सगळे सुखरूप पोहोचतात. ऋण बाजूला गेले की बहुतेक जण उणे ९ वर खणतात आणि मग पेटी नाही म्हणून नकाशाला शिव्या देतात. चंक उणे १६ पासून सुरू होतो. त्यात ९ मिळवले की उणे ७ येतात, पुढची जागा उणे २३. चंकमधली जागा एफ३ स्वतःच दाखवते, पण ती ओळ वाचण्याचे कष्ट कोण घेणार!

आठवा_ठोकळा
मग आमचे बेडरॉकच बरे म्हणायचे. उणे १६ मध्ये ८ मिळवले की उणे ८ च येतात, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आकडा लक्षात ठेवायचा. भाच्याला हे एकदाच सांगावे लागले.

उणे_सात
मावशी, एवढ्यावर हुरळून जाऊ नका. जावात दशांशात दिसणारा निर्देशांक उणे ६.५ असेल तर ठोकळा उणे ६ नसतो, उणे ७ असतो, कारण खालच्या पूर्णांकाकडे जायचे असते. हे न कळणारे लोक एका ठोकळ्याने चुकतात आणि वर इथे येऊन ज्ञान वाटतात.

आठवा_ठोकळा
मी जावा खेळत नाही, हे आधीच लिहिले आहे. प्रतिसाद पूर्ण न वाचता उपदेश करायचा आणि वर "मावशी" म्हणायचे, ही पद्धत मला मान्य नाही. मी माझ्या भाच्याची मावशी आहे, आपली नव्हे.

सांजवारा
खजिन्याच्या धाग्यावर सातवीचे गणित सुरू झाले आणि समुद्राचा उल्लेखही उरला नाही. माझा मुद्दा याहून चांगला मला मांडता आला नसता.

फावडेधारी
समुद्राचेच बोलू या. हार्ट ऑफ द सी ही वस्तू फक्त याच पेटीत मिळते. पाण्याखाली श्वास पुरवणाऱ्या कंड्यूट या उपकरणासाठी ते एक आणि ८ नॉटिलस शेल (शंख) लागतात. मग चौकटीला किमान १६ प्रिझ्मरीन ठोकळे, आणि ९६ ठोकळ्यांपर्यंतचा पल्ला हवा असेल तर पूर्ण ४२. ज्याला पाण्याखाली घर बांधायचे आहे, त्याची खरी मेहनत पेटी निघाल्यावर सुरू होते. शिवाय २०१८ साली १.१३ या आवृत्तीत हे नकाशे आले तेव्हापासूनचे रडगाणे आहेच: जवळच्या दुसऱ्या जहाजातून नवा नकाशा काढावा, तर त्याची फुलीही आपणच रिकाम्या केलेल्या पेटीवर असते. खेळच एवढा निष्काळजी असताना खेळाडूनेच तेवढे सोवळे पाळायचे?

सांजवारा
एकाच पेटीचे दोन नकाशे मिळणे हा खेळाचा दोष आहे, हे मान्य. आनंद झाला असेल तर तो साजरा करावा. तरीही आकड्यांवाचून मार्ग आहेत. डॉल्फिनला कच्चा कॉड मासा भरवला तर तो वाट दाखवतो.

फावडेधारी
दाखवतो खरी, पण पेटी, जहाज आणि पडके अवशेष यांत तो भेद करत नाही. मला तो प्रत्येक वेळी त्याच लुटलेल्या जहाजाकडे घेऊन गेला आहे.

सांजवारा
असो. आमच्या सर्व्हरवर प्रशासकांनी आता रिड्यूस्ड डीबग इन्फो हा गेमरूल चालू केला आहे, त्यामुळे एफ३ वर निर्देशांक दिसत नाहीत. ज्यांना खरोखर नकाशावरून शोधायचे आहे, त्यांनी तिथे यावे. चंक मोजणाऱ्यांचे तिथे काही चालणार नाही.

उणे_सात
चालेल की. कोऱ्या कागदावर काढलेल्या साध्या नकाशाची कड नेहमी चंकच्या सीमेवरच पडते. पश्चिमेच्या कडेपासून पूर्वेकडे आणि उत्तरेच्या कडेपासून दक्षिणेकडे सोळा-सोळा ठोकळे मोजत जायचे, फुलीच्या चंकमध्ये पोहोचले की दोन्ही दिशांनी दहाव्या ठोकळ्यावर थांबायचे. दहाव्या, कारण मोजणी शून्यापासून होते. कोणीतरी नवव्यावर खणणारच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. सर्व्हरचा पत्ता कळवावा.

सांजवारा
कळवणार नाही.