बोलकी मुलगी आणि सायन्स: व्यक्तिमत्त्व चाचणीचं किती ऐकायचं? सल्ला हवाय

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. लेकीची दहावी झाली, 88 टक्के पडले, अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरायचाय. तिला सायन्सच हवंय, सहावीपासून तेच म्हणतेय. पण माझ्या दिरांनी तिच्याकडून नेटवरची ती सोळा प्रकारांवाली व्यक्तिमत्त्व चाचणी करून घेतली आणि त्यात आलं ईएनएफपी, म्हणजे बोलकी, माणसांत रमणारी, कल्पनेत हरवणारी. झालं, तेव्हापासून घरात सगळ्यांचं एकच, की ही एका जागी बसणारी नाही, सायन्स हे शांत एकटं राहणाऱ्या मुलांचं काम, हिला मास मीडियाला नाहीतर लॉला घाला. पोरगी पार हिरमुसलीय, परवा मला विचारते, "आई, मी सायन्सवाल्या टाइपची नाहीये का गं?" मला पोटात कालवलं. या चाचण्या कितपत खऱ्या धरायच्या, आणि अशा मुलीला सायन्समध्ये खरंच काही आहे का? डॉक्टर इंजिनिअरच व्हायला हवं असं आमचं अजिबात नाही. आम्ही कराडला असतो.

मनमोकळी
ताई, मी शाळेत समुपदेशक आहे. तिला आधी सांगा की त्या चार अक्षरांवरून कुणाचा कोर्स ठरत नाही. ही सोळा प्रकारांची पद्धत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स या दोघी अमेरिकन बायकांनी कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या 1921 च्या पुस्तकावरून बसवली, दोघीही शिकलेल्या मानसशास्त्रज्ञ नव्हत्या, आणि नेटवर फुकट मिळते ती तर मूळ चाचणीसुद्धा नाही. मोठी अडचण अशी की बहुतेक माणसं बोलकी-अबोल या पट्टीवर मध्येच कुठेतरी असतात, पण चाचणी मधोमध रेघ मारून इकडे किंवा तिकडे ढकलते, त्यामुळे महिन्याभराने परत दिली की एखादं अक्षर बदललेलं असतं असं पुष्कळांचं होतं. मूळ चाचणी विकणारी कंपनी स्वतःच सांगते की नोकरीसाठी माणसं निवडायला ही वापरू नका. मग अकरावीच्या प्रवेशाला कशी चालेल?
त्यापेक्षा आवडीची चाचणी करा. आपल्याकडे 2016 पासून काही वर्षं बोर्डाची कल चाचणी व्हायची तशी. जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची आवडींच्या सहा गटांची पद्धत आहे, तिच्यावर आधारलेली अमेरिकन सरकारची ओनेट इंटरेस्ट प्रोफायलर नेटवर फुकट मिळते, 60 प्रश्न. इंग्रजीत आहे आणि पुढे सुचवलेल्या नोकऱ्या तिकडच्या आहेत त्या सोडून द्या, पण प्रश्न बघा कसे आहेत: रक्ताचे नमुने मायक्रोस्कोपखाली तपासायला आवडेल का, पाण्याचं प्रदूषण कमी कसं करायचं याचा अभ्यास करायला आवडेल का. तू कशी आहेस हे न विचारता काय करायला आवडेल हे विचारतात. आणि त्यात शोधक गट आणि माणसांत रमणारा गट दोन्ही एकत्र वर येऊ शकतात, एक असला की दुसरा नाही असं काही नसतं.

काळा_कातळ
भूगर्भशास्त्रात एमएस्सी केलंय, गेली बरीच वर्षं भूजलाचं काम करतोय, म्हणून राहवलं नाही. एकट्याचं काम म्हणणाऱ्यांना माझ्याबरोबर एक दिवस पाठवा. गावात गेलं की आधी विहिरीच्या काठावर उभं राहून टेप सोडायची, पाणी किती खाली आहे ते लिहायचं, आणि मग खरं काम सुरू होतं, शेतकऱ्याशी बोलायचं. विहीर खणताना मुरूम किती फूट लागला, मग गेरूसारखा लाल थर आला का, कातळ कुठे सुरू झाला, झरा कुठल्या बाजूने आहे, कुठल्या महिन्यात तळ दिसतो. आपल्याकडचा बेसाल्ट म्हणजे लाव्हाचे थरावर थर, प्रत्येक थराच्या वरचा सच्छिद्र झिजलेला भाग पाणी धरतो आणि खालचा घट्ट कातळ भेगा नसतील तर धरत नाही, म्हणून एकाच बांधाच्या दोन बाजूंना एक विहीर भरलेली आणि एक कोरडी असं दिसतं. हा नकाशा काढायला निम्मी माहिती खडक देतो आणि निम्मी म्हातारी माणसं देतात, ती बोलती करता आली नाहीत तर अभ्यास अर्धाच राहतो. माझ्या बॅचचे जे अबोल होते ते खनिजांच्या पातळ चकत्या मायक्रोस्कोपखाली बघण्यात रमले आणि उत्तम काम करतायत, म्हणजे एका विषयातच दोन्ही स्वभावांना जागा आहे. तुमच्या लेकीसारखी माणसं आम्हाला कमी पडतात ताई, मनापासून सांगतो.

रात्रपाळी
आयसर पुण्यात, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत शिकतेय, मीपण प्रचंड बोलकी. इथे सुरुवातीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, मॅथ्स सगळंच करावं लागतं, मग आपला विषय निवडायचा, आणि असाइनमेंट आम्ही बोर्डासमोर उभं राहून भांडत भांडत सोडवतो. गुरुत्वीय लहरी 2015 मध्ये पहिल्यांदा सापडल्या त्या पेपरवर हजाराच्या वर लोकांची नावं होती, आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या लोकांचीपण. एवढी माणसं एकमेकांशी न बोलता काम करतील का? तिला सांग की हवीयेस तू.

ब्युरेट
मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. वरचं सगळं पटलं, फक्त थोडं वेगळं सांगायचंय. बोलकेपणाने काही अडत नाही, अडतं ते त्याच त्या कामाचा कंटाळा येण्याने, आणि ती गोष्ट कुठल्याच अक्षरात दिसत नाही. अकरावीच्या टायट्रेशनमध्ये फ्लास्कमधल्या ॲसिडमध्ये फिनॉल्फ्थॅलिन टाकून ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या काचनळीतून, थेंब थेंब सोडियम हायड्रॉक्साइड सोडायचं, शेवटच्या एका थेंबाला फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं, आणि सीबीआर येईपर्यंत, म्हणजे रीडिंग जुळेपर्यंत, परत परत करायचं. काही मुलं एक रीडिंग घेतात आणि बाकीची शेजाऱ्याची बघून लिहितात. आणि काही असतात ज्यांना 0.2 चा फरक का पडला हेच खुपतं, ती फ्लास्क धुऊन परत सुरू करतात, तोंडाने बडबड चालूच असते पण डोळा थेंबावरून हलत नाही. या दुसऱ्या मुलांना सायन्स धरून ठेवतं. तुमची लेक यातली कुठली ते तुम्हालाच माहीत असणार, सहावीपासून म्हणतेय तर कशामुळे म्हणतेय ते तिला विचारा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे खूप खूप आभार. वाचताना तिला शेजारी बसवलं होतं. ब्युरेट ताई, विचारलं तिला. म्हणाली, मागच्या वर्षी गच्चीत मुळ्याच्या बिया तीन डब्यांत लावल्या होत्या, एकीला आंघोळीचं साबणाचं पाणी, एकीला विहिरीचं, एकीला नळाचं, आणि रोज उंची वहीत लिहायची ते आवडलं होतं. मला वाटलं होतं शाळेचा प्रकल्प असेल, तर तो शाळेने दिलेलाच नव्हता! आता शेवटचं विचारते, गणित ठेवू की नुसतं बायो? गणितात जेमतेम आहे.

ब्युरेट
जमत असेल तर दोन्ही ठेवा. आयसरच्या प्रवेश परीक्षेला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, मॅथ्स या चारपैकी तीन विषय असले तरी बसता येतं, पण पेपरात चारही विषयांचे प्रत्येकी 15 प्रश्न असतात, आणि पुढे बायोमध्येसुद्धा संख्याशास्त्र लागतंच. अजून एक, आणि हे कळकळीने सांगते. क्लासशी टायअप असलेल्या कॉलेजात नाव घालणार असाल तर प्रॅक्टिकल खरोखर होतात का ते आधी बघा, काही ठिकाणी मुलं दोन वर्षांत लॅबचं दार बघत नाहीत, जर्नल मात्र पूर्ण असतं. तुमच्या लेकीला तेच सगळ्यात जास्त मारक ठरेल. फॉर्ममध्ये पसंतीक्रम टाकायच्या आधी दोन-तीन कॉलेजांत जा, लॅब असिस्टंटला भेटा आणि विचारा की अकरावीची बॅच आठवड्यातून किती वेळा येते. तो खरं सांगतो.