पाच तासांचा प्रवास: गाभण शेळ्या आत्ता न्याव्यात की विल्यावर?

प्रश्न
दुधाच्या सात शेळ्या टेम्पोने नव्या गोठ्यावर न्यायच्या आहेत. चौघी साडेतीन महिन्यांच्या गाभण, दोघी दोन महिन्यांच्या, एक गेल्या आठवड्यात बोकडाला दाखवलेली. विल्यावर न्याव्यात का? गाडीत दाव्याने बांधायच्या का? दोघी शिंगाळ आहेत, इतरांना ढुसण्या देतात.

उत्तर १
याच आठवड्यात हलवा. शेळीचे दिवस साधारण १५०, म्हणजे चौघींचे १०५ झाले. शेवटच्या महिन्यात गाडी नकोच. शिवाय विण्याआधी तीन-चार आठवडे नव्या जागी राहिल्या, तर तिथल्या जंतूंविरुद्धची ताकद चिकात उतरते आणि करडांना मिळते.

नुकतीच दाखवलेली फार तर उलटेल, म्हणजे पुन्हा माजावर येईल. तिला एकटीला मागे ठेवलीत तर ओरडून चारा सोडेल. बरोबरच न्या.

उत्तर २
बांधू नका. ब्रेक लागला की फास बसतो आणि पडलेली शेळी उठू शकत नाही. मोकळ्या सोडा, मधे भक्कम फळी टाकून शिंगाळ दोघी पलीकडे. पोटावर ढुसणी बसली तर गाभडायची, म्हणजे गर्भ पडायची भीती असते. सगळ्यांना एकाच वेळी बसता यावं एवढी जागा हवी, शेळीमागे पाचेक चौरस फूट. त्याहून फार मोकळं ठेवलं तर वळणावर फेकल्या जातात.

खाली रबरी मॅट किंवा वाळू, वर चार-पाच इंच पेंढा. नुसत्या पत्र्यावर लघवी झाली की घसरगुंडी. उचलून चढवायची वेळ आली तर पोटाखाली हात नको. एक हात छातीपुढे, दुसरा मांड्यांमागे.

पहाटे निघा. त्या सकाळी खुराक नाही, वाळका चारा पोटभर. वाटेत एकदा-दोनदा थांबून पाणी दाखवा.

उत्तर ३
गाडीपेक्षा उतरल्यानंतरचे चार दिवस जास्त धोक्याचे. पोटात दोन-तीन करडं असतात, कोठीपोटाला, म्हणजे चारा साठतो त्या मोठ्या पोटाला, जागा उरत नाही. त्यात नवी जागा, नवं पाणी म्हणून शेळीने दिवसभर चारा सोडला की अंगातली चरबी वितळते आणि कीटोसिस होतो, म्हणजे त्या चरबीतून बनणारी कीटोन द्रव्यं रक्तात साचतात. गव्हाणीकडे पाठ करून उभी, दात खातेय, तोंडाला गोडसर वास, ही लक्षणं. लगेच डॉक्टरला बोलवा. तोवर प्रॉपिलीन ग्लायकॉल (ताकद देणारं पातळ औषध) ६० मिली दिवसातून दोनदा पाजतात. पाजताना मान वर ताणू नका, औषध फुप्फुसात जातं.

म्हणून दहा दिवसांचा जुना चारा आणि खुराक बरोबर घ्या, नवा थोडा थोडा मिसळत जा. पहिल्या दिवसापुरतं पाणीही इथलंच न्या. तिथे आधीच्या शेळ्या असतील तर ३० दिवस वेगळ्या ठेवा, बादल्याही वेगळ्या.

प्रश्नकर्ता
चौघींतली एक अजून अर्धा लिटर देतेय. आटवून नेऊ?

उत्तर ३
अर्ध्या लिटरला धार सरळ बंद करा, कास आपोआप ओढून घेईल. कास गरम किंवा कडक लागली तर मात्र डॉक्टरला दाखवून घ्या. आटवण्यासाठी खुराक तोडणं आणि प्रवास एकाच आठवड्यात नको, कीटोसिसला आमंत्रणच ते.

उत्तर ४
आंत्रविषाराची (आतड्यात जंतूंचं विष तयार होणाऱ्या रोगाची) लस निघायच्या दिवशी टोचू नका. चौघींना पोचल्यावर दोन आठवड्यांनी द्या, विण्याआधी महिनाभर बरोबर बसते. आणि नुकत्या दाखवलेलीला अल्बेंडाझोल हे जंताचं औषध अजिबात नको, सुरुवातीच्या दिवसांत गर्भात व्यंग येऊ शकतं.