मदत हवी आहे: फुटीतली पहिल्या वर्षाची पोरं कशी पारखायची? (शनिवार दुपारच्या आत)

टार्नीटचा_तात्या (गुरुवार, रात्री ९.४०)
मंडळी, घाईत लिहितोय. ऑफिसच्या फुटीच्या (ऑस्ट्रेलियन फुटबॉल, एएफएल) फॅन्टसी लीगमध्ये यंदा, २०२६ ला, पहिल्यांदाच उतरलोय. खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ करायचा, त्यांच्या खेळावर आपले गुण. त्यात तीन नवखे घ्यावेच लागतात. कोण घेऊ? विलेम डूर्स्मा, झीक यूलंड, हॅरी डीन ही नावं मला माहीत आहेत, म्हणजे सगळ्या ऑफिसला माहीत आहेत. माझा नंबर शेवटचा, त्यामुळे ती मिळणार नाहीत असंच धरा. बाकीच्यांचे व्हिडिओ बघतोय, पण दोन मिनिटांच्या व्हिडिओत प्रत्येक पोरगा पुढचा निक डेकोस वाटतो. पारखायची काही रीत असते की नाही? शनिवारी दुपारी दोनला निवड आहे. "आधी खेळ समजून घ्या" कृपया सांगू नका. सहा वर्षं मेलबर्नात आहे, एमसीजीला दरवर्षी दोन-तीन सामने होतात.

कल्याणकर_नाना (रात्री ९.५२)
शीर्षकात 'फुटी' वाचून वाटलं पुन्हा कुठला पक्ष फुटला. उघडून निराशा झाली. चालू द्या.

एक्सेल_मावशी (रात्री १०.०५)
तात्या, कोणती लीग ते सांगा आधी. एएफएल फॅन्टसी की सुपरकोच? दोन्हीत गुण मोजायची तऱ्हा वेगळी. फॅन्टसीत सरळ हिशेब: किकला ३, हँडबॉलला (मुठीने मारलेला पास) २, मार्कला (किकचा झेल) ३, टॅकलला (चेंडूवाल्याला धरणं) ४, गोलला ६, बिहाइंडला (थोडक्यात हुकलेला गोल) १, फ्री किक दिलीत तर उणे ३. सुपरकोचमध्ये चेंडू कुठे, कसा, कुणाच्या दबावाखाली मिळवला यावर गुण, आणि एका सामन्याचे सगळे मिळून ३३००च वाटायचे. फॅन्टसीत सोन्यासारखा असलेला पोरगा सुपरकोचमध्ये पितळ निघू शकतो.

माझ्याकडे यंदाच्या सगळ्या नवख्यांचं एक्सेल आहे, १८ वर्षांखालच्या स्पर्धांच्या आकड्यांसकट. हवं तर व्यनि करा.

पर्थचा_पांडू (रात्री १०.३१)
मावशी, तुमचं एक्सेल बाजूला ठेवा. मी २००४ पासून पर्थमध्ये आहे, एकच गोष्ट सांगतो: अठरा वर्षांची पोरं घेऊच नका. पिकलेलं फळ घ्या. राज्यांच्या लीगमध्ये चार-पाच वर्षं मोठ्या माणसांशी टकरा दिलेला तेवीस-चोवीस वर्षांचा गडी बघा. मायकल बार्लो आठवतोय का कुणाला? ड्राफ्टमध्ये (क्लब क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्यात) कुणी विचारलं नाही, फ्रिमँटलने रूकी यादीतून (मुख्य संघाबाहेरची शिकाऊ यादी) उचलला आणि २०१० मध्ये पहिल्या सामन्यापासून पोरगा सुटला. पाय मोडला म्हणून, नाहीतर काय झालं असतं देव जाणे. टिम केली तसाच. जिलाँगने २०१७ च्या ड्राफ्टमध्ये २४ व्या क्रमांकावर घेतला, २०१८ च्या पहिल्या फेरीपासून संघात.

शिवाय यांची किंमत किमान असते. ड्राफ्टमध्ये पहिला आलेला महाग, मागून आलेला स्वस्त. स्वस्त घ्या, खेळला की किंमत फुगते, मग विका. याला इकडे कॅश काऊ म्हणतात. आपली दुभती गाय.

एक्सेल_मावशी (रात्री १०.३८)
बार्लो २०१० चा, केली २०१८ चा. सोळा वर्षांत दोन उदाहरणं. आणि त्याच काळात जे पिकलेले गडी आले आणि दहा सामन्यांत गेले ते कोण मोजणार?

पर्थचा_पांडू (रात्री १०.४४)
मार्लियन पिकेट! सत्ताविसाव्या वर्षी पहिला सामना, तोही २०१९ ची ग्रँड फायनल, आणि जिंकला!

एक्सेल_मावशी (रात्री १०.४६)
सप्टेंबरातल्या एका सामन्याचा मार्चमधल्या निवडीशी काय संबंध, पांडूशेठ?

बेंडिगोची_सून (रात्री ११.१०)
दोघेही मूळ मुद्दा सोडून भांडताय. पोरगा किती चांगला हे नंतर. त्याला उभं कुठे करणार हे आधी बघा.

हॅरी शीझल ड्राफ्टला आला तेव्हा पुढे खेळणारा म्हणून ओळखला जायचा. २०२२ ला तिसरा गेला. नॉर्थ मेलबर्नने उचलून हाफ बॅकला (बचावाची पुढची ओळ) टाकला आणि २०२३ च्या पहिल्याच सामन्यात त्याने ३४ वेळा चेंडू मिळवला. वर्षअखेर रायझिंग स्टार, म्हणजे सर्वोत्तम तरुण खेळाडूचं बक्षीस. त्याच्या आदल्या वर्षी निक डेकोस, तोही हाफ बॅकवरूनच. त्या जागी समोरचा संघ गोल चुकवतो, चेंडू तुमच्याकडे येतो, आजूबाजूला कुणी नसतं, शांतपणे किक मारा, पुढच्याकडून परत घ्या, पुन्हा मारा.

मावशींच्याच गुणांनी हिशेब करा. हाफ बॅकवरचा साधासा दिवस: १२ किक, ८ हँडबॉल, ६ मार्क, ३ टॅकल. झाले ८२. आता पुढे उभा राहणारा चपळ पोरगा, ज्याचे दोन गोल टीव्हीवर चारदा दाखवले: ६ किक, ३ हँडबॉल, २ मार्क, २ टॅकल, २ गोल. झाले ५०. व्हिडिओ मात्र याचाच बनतो, तात्या. तुमची गडबड तिथे होतेय.

टार्नीटचा_तात्या (रात्री ११.२५)
सूनबाई, हे कामाचं बोललात. पण कोण कुठे उभा राहणार हे मला कळणार कसं?

बेंडिगोची_सून (रात्री ११.३३)
सराव सामने बघायचे. गोल मोजायचे नाहीत. तीनच गोष्टी: मैदानावर किती वेळ ठेवला, मधल्या उसळीला (मध्यावर चेंडू आपटून खेळ सुरू होतो तेव्हा) कितीदा उभा होता, आणि पहिल्या फळीच्या खेळाडूंबरोबर खेळला की शेवटच्या पावभागात (चारातला चौथा) पोरासोरांत. तिसरी गोष्ट सगळे विसरतात.

विक्षिप्त_वाचक (रात्री ११.४१)
'मधली उसळी' कुठली राहिलीय आता? यंदापासून चेंडू आपटणंच बंद, पंच वर उडवणार. शंभर वर्षांहून जुनी गोष्ट एका बैठकीत घालवली. कुणालाच काही वाटत नाही का याचं?

कल्याणकर_नाना (रात्री ११.४३)
मला वाटतं हो. चेंडू अंडाकृती असून तो आपटून सरळ वर जातो कसा हे बघायलाच मी एकदा थांबलो होतो. लेकीकडे आलो होतो तेव्हा.

विक्षिप्त_वाचक (रात्री ११.५०)
जायचा नाही ना सरळ दरवेळी, म्हणूनच बंद केलं. पण मजा त्यातच होती.

बेंडिगोची_सून (रात्री ११.५५)
बरं, चेंडू उडवणं म्हणा. हजेरी तीच मोजायची.
नियमांवरून आठवलं: बदली खेळाडूही यंदा गेला, त्याऐवजी बाकावर पाच. नवख्यांच्या दृष्टीने हे फार बरं झालं. आधी पोराचं नाव संघात दिसायचं, आपण खूश, आणि तो बदली निघून शेवटच्या पावभागात पंधरा मिनिटं खेळायचा. आता तो फटका नाही.

घराणेदार (शुक्रवार, सकाळी ७.१५)
एवढी डोकेफोड कशाला? घराणं बघा. आपल्याकडे गाण्यात बघतात तसं. निक डेकोस कोण? पीटर डेकोसचा मुलगा. लीवाय ॲशक्रॉफ्ट कोण? मार्कसचा मुलगा, विलचा भाऊ. पहिल्याच वर्षी ब्रिस्बेनबरोबर २०२५ ची प्रीमियरशिप, म्हणजे विजेतेपद. यंदा हॅरी डीन: बाप पीटर डीन कार्लटनचा, १९८७ आणि १९९५ दोन्ही विजेत्या संघांत. बापाने क्लबसाठी शंभर सामने खेळलेले असले की पोरावर क्लबचा हक्क, नियमच आहे. रक्तात असतं ते.

एक्सेल_मावशी (सकाळी ८.०२)
रक्तात असतं तर डूर्स्मांच्या घरात सगळे सारखेच निघाले असते. विलेम पहिल्या क्रमांकाने वेस्ट कोस्टला गेला म्हणून आज सगळे नाचताहेत. त्याचा सख्खा भाऊ झेन २०२३ ला चौथा गेला होता, त्याला जम बसवायला किती झगडावं लागलं ते नॉर्थवाल्यांना विचारा. एकाच घरातलं ताट, एकच आई.

आणि हॅरी डीन मागचा उंच बचावपटू. त्याचं काम समोरच्याला चेंडू मिळू न देणं. कार्लटनला तो दहा वर्षं पुरेल, पण गुण कुठून येणार?

घराणेदार (सकाळी ८.१०)
एक्सेलमध्ये आईच्या हातच्या जेवणाचा रकाना आहे का?

पर्थचा_पांडू (सकाळी ८.२०)
डूर्स्माबद्दल मी बोलतो, मी इथलाच. वेस्ट कोस्टने गेल्या मोसमात एकच सामना जिंकला. एक! असा संघ पोराला बसवून ठेवूच शकत नाही. चांगला संघ नवख्याला थांबवतो, वाईट संघ दुसऱ्या दिवशी मैदानात ढकलतो. उलट यूलंड बघा. गोल्ड कोस्टला मधल्या फळीत रॉवेल, अँडरसन, त्यात आता पेट्राका. पोरगा कितीही गुणी असो, रांगेत कितवा?

(तरी माझं म्हणणं तेच: तेवीस वर्षांचा घ्या.)

शाळकरी_आई (सकाळी ९.०५)
थोडं अवांतर, माफ करा. आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे, पॉइंट कुकला राहतो. ऑस्किकला (लहान मुलांची फुटी) घालावं की क्रिकेटला? आणि फार लागतं का हो? नवरा म्हणतो रग्बीसारखं आहे.

विक्षिप्त_वाचक (सकाळी ९.१२)
रग्बीसारखं अजिबात नाही. नवऱ्याला मैदानावर न्या.

टार्नीटचा_तात्या (दुपारी १२.३०)
धन्यवाद सगळ्यांना, पण ते किंमत, विकणे, दुभती गाय वगैरे कळलं नाही. आमच्याकडे किंमत हा प्रकारच नाही. दहा जण आहोत, आळीपाळीने एकेक निवडायचा. एकाने घेतला की तो दुसऱ्याला नाही. शेवटी पाच जण पुढच्या वर्षासाठी राखता येतात. नवखा म्हणजे ज्याने एकही सामना खेळलेला नाही तो. गुण मावशींनी दिलेत तेच.

एक्सेल_मावशी (दुपारी १२.३४)
अहो तात्या!! हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं!

पर्थचा_पांडू (दुपारी १२.४१)
पुढच्या वर्षासाठी राखता येतात? मग माझं सगळं मागे घेतो. चोविशीचा गडी राखून काय करणार.

बेंडिगोची_सून (दुपारी १.१५)
गंमतच झाली. म्हणजे डाव पूर्ण वेगळा. आणि "एकही सामना न खेळलेला" हा शब्दशः नियम असेल तर तात्या, जॅगा स्मिथ तुमच्या व्याख्येत नवखा ठरतो! २०२४ च्या ड्राफ्टमध्ये तिसरा, कार्लटन. गेल्या वर्षी मोसमाआधीच गुडघ्याचं एसीएल (मुख्य अस्थिबंध) गेलं, अख्खं वर्ष बाहेर. एकही सामना नाही. क्लबमध्ये एक वर्ष काढलंय, व्यायाम झालाय, आणि मुळात पोरगा असा की चेंडू त्याला शोधत येतो. ऑफिसातले यंदाच्या ड्राफ्टची यादी घेऊन बसतील, त्यात त्याचं नाव नसणार. शेवटच्या नंबरालाही मिळेल. आळीपाळीत दिशा उलटत असेल तर शेवटच्याला लागोपाठ दोन मिळतात, हेही लक्षात ठेवा.

एक्सेल_मावशी (दुपारी १.२२)
इथे मी सुनेशी सहमत, नोंद घ्यावी. पण गुडघा आहे हे विसरू नका. आणि पहिला क्रमांक म्हणजे हमी नव्हे: सॅम लेलर २०२४ चा पहिला, दुखापतींनी त्याचं पहिलं वर्ष तुकड्यातुकड्यांत गेलं. मॅट रॉवेल २०२० ला आल्या आल्या तीन सामने गाजवले आणि पाचव्या फेरीत खांदा निखळला. राखायची सोय होती त्यांनी रॉवेलला धरून ठेवला असेल तर गेल्या वर्षी त्याला ब्राउनलो (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक) मिळाल्यावर पेढे वाटले असतील.

घराणेदार (दुपारी १.३०)
रायझिंग स्टार कोण होणार ते बघून घ्या, सोपं आहे. गेल्या वर्षी मर्फी रीड झालाच की पहिल्या वर्षी.

एक्सेल_मावशी (दुपारी १.३६)
आणि तो ड्राफ्टला १७ वा होता, म्हणजे आधीच्या सोळा वेळांना कुणी त्याचं नाव घेतलं नाही. २०२४ चा ऑली डेम्पसी तर पहिल्या वर्षाचा नव्हताच. जिलाँगने २०२१ ला रूकी ड्राफ्टमध्ये घेतलेला. मोसमाच्या सुरुवातीला एकवीसच्या आत वय आणि जास्तीत जास्त दहा सामने, ही त्या बक्षिसाची मुख्य अट आहे. ते बघून निवड करणं म्हणजे निकाल लागल्यावर अभ्यास.

बेंडिगोची_सून (दुपारी २.०५)
तात्या, तर क्रम असा ठेवा. पहिला जॅगा. दुसरा, कुठल्याही तळाच्या संघाने हाफ बॅकला किंवा विंगला (मैदानाच्या मधल्या कडेला) खेळवलेला पोरगा, सराव सामना बघून. तिसरा राखण्यासाठी, वाटलं तर उंच घ्या. उंचांना वेळ लागतो, एरन कॅडमन २०२२ चा पहिला, पण त्याचंही पहिलं वर्ष वाट बघण्यातच गेलं. पण रक (वर उडवलेल्या चेंडूसाठी उडी मारणारा उंच गडी) घेऊ नका. अठरा वर्षांच्या रकला शंभर किलोच्या माणसाशी छातीला छाती भिडवायची असते. मॅक्स गॉनलासुद्धा किती वर्षं लागली.

टार्नीटचा_तात्या (शनिवार, रात्री ८.२०)
झाली निवड. जॅगा मिळाला!! नाव घेतल्यावर खोलीत दोन मिनिटं भांडण. एचआरवालीने नियम मोठ्याने वाचून दाखवला, मग गप्प. डूर्स्मा तिसऱ्यालाच गेला, घेणारा गिप्सलँडचाच, त्याला कुणी अडवू शकलं नसतं. हॅरी डीन पहिल्या फेरीत गेला! मी काही बोललो नाही.
दुसरा हाफ बॅकवाला घेतला, नाव इथे टाकत नाही, ऑफिसातला एक जण मराठी आहे आणि तो इथे वाचतो असा संशय आहे.
तिसऱ्याच्या वेळी घड्याळ लावलं होतं, तीस सेकंद. यादी फोनवर, फोन बंद पडला. समोरच्या कागदावर जे पहिलं नाव दिसलं ते बोललो.

एक्सेल_मावशी (रात्री ८.२४)
कोण?

टार्नीटचा_तात्या (रात्री ८.२५)
रक.

पर्थचा_पांडू (रात्री ८.३१)
वय किती?

टार्नीटचा_तात्या (रात्री ८.३३)
अठरा. दोन मीटरच्या वर. वजन माझ्याएवढं.

शाळकरी_आई (रात्री ९.१०)
आम्ही आज मैदानावर जाऊन आलो. मुलाने चेंडू सोडलाच नाही, घरी झोपताना पण घेऊन झोपलाय. नवरा म्हणतोय आता क्रिकेटची बॅट घेतली होती तिचं काय करायचं. कुणाला हवी असेल तर सांगा, सहा नंबर, फारशी वापरलेली नाही.