युद्धपटातली टवाळी तुम्हाला केव्हा उमगली?

कापूसकोंड्या (आर्वी)
गावात भरतीच्या पोरांचा पहाटेचा सराव सुरू आहे. परवा त्यांतल्या एकाच्या मोबाईलवर पॉल व्हरहोव्हनचा १९९७ सालचा ‘स्टारशिप ट्रूपर्स’ हा माणसे आणि परग्रहावरचे महाकाय किडे यांच्या युद्धाचा चित्रपट दिसला आणि केबलचे दिवस आठवले. आमच्या ओसरीवर जमलेली मंडळी प्रत्येक किडा फुटला की टाळ्या पिटत होती. मामाजी तेवढे म्हणाले, “अरे, फौजेने मला मर्द बनवले म्हणणाऱ्या त्या भरतीच्या कारकुनाला पायच नाहीत, हे पाहिले का कोणी?” तुमचेही अनुभव लिहा.

देवळीकर
मला झुरळांच्या प्रसंगाने खटकले. शाळकरी मुले झुरळे चिरडतात, शेजारची बाई हसत टाळ्या वाजवते, आणि हे सारे देशकार्य म्हणून दाखवले जाते.

रानवारा
२०१७ साली गुलाबी बोंडअळीने आमची कपाशी खाल्ली, त्यामुळे किड्यांबद्दलच्या सहानुभूतीची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नये.

देवळीकर
रानवारा, यंदा कामगंध सापळे लावलेत ना? बाकी चित्रपटातले किडे त्यांच्या स्वतःच्याच ग्रहावर होते. त्यांच्या हद्दीत वस्ती करायला माणसे गेली होती, हे बातमीपत्रात ओझरते सांगून टाकतात.

जुनी पेटी
व्हरहोव्हन १९३८चा, आणि त्याचे बालपण जर्मनांच्या ताब्यातल्या हेगमध्ये गेले. चित्रपटातल्या अधिकाऱ्यांचे ते नाझी वळणाचे काळे-करडे कोट त्याने उगीच शिवून घेतलेले नाहीत. हाइनलाइनच्या १९५९च्या मूळ कादंबरीत सेवा केल्याशिवाय मताधिकार नाही, ही कल्पना गंभीरपणे मांडली आहे. दिग्दर्शकाने तिलाच देखणे चेहरे आणि चकचकीत जाहिराती चढवल्या. प्रेक्षक आधी टाळ्या वाजवतो, म्हणूनच टवाळी त्याच्यापर्यंत पोहोचते, असे माझे मत आहे. अनेक समीक्षकांनी तेव्हा चित्रपटालाच युद्धखोर ठरवले होते, म्हणजे ओसरीवरच्या मंडळींना हसण्यात अर्थ नाही.

वर्धेची आई
घाईत लिहिते आहे, कुकर लावला आहे. नायक रिकोचे आईवडील श्रीमंत, ते त्याला फौजेत जाऊ नको म्हणतात, आणि तो मैत्रिणीपायी सही करतो. आमच्याकडे आईबापच मैदानाच्या कडेला पाण्याची बाटली घेऊन उभे असतात, कारण कोरडवाहू जमिनीत दोन भावांचे भागत नाही. लेकासोबत पाहिला तेव्हा मला हसू आले नाही. त्याने मात्र पगार किती असेल, हे विचारले.

रानवारा
ताई, पोलीस भरती असेल तर १६०० मीटरची वेळ सांभाळायला सांगा. छाती ७९ सेंमी आणि फुगवून ५ अधिक लागते.