डीआयसीच्या साहेबांची बदली : रद्द व्हावी म्हणून सह्या द्यायच्या का?

तिसरी_शिफ्ट

आमच्या जिल्हा उद्योग केंद्राच्या (डीआयसी) महाव्यवस्थापकांच्या बदलीचा आदेश परवा निघाला. त्यांना येऊन सव्वीस महिने झालेत. औद्योगिक वसाहतीतल्या काही जणांनी बदली रद्द करावी असं निवेदन पालकमंत्र्यांना द्यायचं ठरवलंय आणि सह्या गोळा करायचं काम माझ्याकडे आलंय. निम्मे लोक विचारतात, या माणसाने असं केलं तरी काय? म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, सात माणसं. गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीकडे माझी चार बिलं सात महिने अडकली होती, एकूण अकरा लाखांच्या वर. परचेसला फोन केला की अकाउंट्सकडे बोट, अकाउंट्सला केला की परचेसकडे. कामगारांचा पगार मी बायकोचे दागिने ठेवून केला. मी उद्योग केंद्रात गेलो होतो ते वेगळ्याच कामाला, अनुदानाच्या फाइलचं विचारायला. साहेबांनी सहज विचारलं, धंदा कसा चाललाय? मी सांगितलं. त्यांनी फाइल बाजूला ठेवली.

मग पुढचा पाऊण तास त्यांनी मला एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा समजावला. २००६ चा कायदा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाने माल दिला किंवा सेवा दिली, तर पैसे ठरलेल्या तारखेला द्यायचे आणि ती तारीख काही झालं तरी ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. लेखी ठरलेलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. उद्यम नोंदणीचं, म्हणजे अशा उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं प्रमाणपत्र माझ्या ऑफिसात फ्रेम करून लावलेलं होतं. बँकेने मागितलं म्हणून काढलेलं. त्याचा असा उपयोग असतो हे मला माहीत नव्हतं.

त्यांनी कंपनीला फोन केला नाही, हे मुद्दाम सांगतो. मला माल पोचवल्याची चलनं तारखेने लावायला लावली. विचारलं, माल पोचल्यावर पंधरा दिवसांत त्यांनी लेखी हरकत घेतली होती का? नव्हती. मग माल स्वीकारला असंच कायदा धरतो, म्हणाले. व्याजाचा हिशेब माझ्या हाताने करायला लावला, पत्र माझ्याच लेटरहेडवर. एकोणीस दिवसांत मुद्दल आलं. व्याज मी सोडलं, कारण पुढे काम हवं होतं. तीन महिने ऑर्डरी कमी झाल्या, मग पूर्ववत.

असे या वसाहतीत बरेच आहेत. दर गुरुवारी तीन ते पाच साहेब केबिनमध्ये नाही, बाहेर हॉलमध्ये बसायचे. चिठ्ठी नाही, शिपाई नाही. आणि दारावर मोठ्या अक्षरात पाटी लावली : उद्यम नोंदणीला एक रुपयाही लागत नाही. मी एजंटाला दीड हजार दिले होते.

म्हणून माझी सही आहे.

बाभूळबन

माणूस चांगला असेल, त्यावर माझा वाद नाही. पण मी सही करणार नाही, आणि तुम्हीही करू नये असं मला वाटतं.

राज्यात बदल्यांचा २००५ चा कायदा आहे. साधारण कार्यकाळ तीन वर्षांचा. मुदतीआधी बदली करायची तर कारण लेखी नोंदवून वरच्या सक्षम अधिकाऱ्याची मान्यता लागते. या बदलीत ते झालं नसेल तर साहेबांना प्रशासकीय न्यायाधिकरणात जाता येतं, आणि अनेक अधिकारी जातात. तुम्ही मात्र मंत्र्यांकडे चाललात. ज्या दारातून चुकीच्या बदल्या होतात त्याच दारात आपण चांगल्या माणसासाठी उभं राहायचं? उद्या एखादा बडा कारखानदार तिथेच जाऊन म्हणेल, हा अधिकारी आम्हाला त्रास देतो, हलवा. तेव्हा आपण कुठल्या तोंडाने बोलायचं?

दुसरं. जिल्हा उद्योग केंद्रं १९७८ साली सुरू झाली ती याचसाठी, की छोट्या उद्योजकाला दहा कार्यालयं फिरायला लागू नयेत. तुम्हाला २००६ चा कायदा एका अधिकाऱ्याने पाऊण तास बसून सांगितला, गेल्या वर्षी. म्हणजे त्याआधी अठरा-एकोणीस वर्षं तिथे बसलेल्या कुणीच सांगितला नाही. माझ्या मते हे त्या कार्यालयाचं अपयश आहे, आणि एका माणसाच्या चांगुलपणाने ते झाकलं जातं.

तिसरं, तुमचे पैसे कुठल्या महिन्यात आले? मार्चमध्ये असतील तर एक गोष्ट लक्षात घ्या. आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च कंपनीला उत्पन्नातून वजा करता येत नाही. मार्चअखेर जवळ आली की आता अकाउंट्सवालेच अशा बिलांच्या मागे लागतात.

तिसरी_शिफ्ट

पैसे मार्चमध्येच आले, खरं आहे. पण ते कलम आदल्या वर्षीपासून लागू होतं आणि माझी बिलं तरीही सात महिने पडून होती. मी सूक्ष्म उद्योग आहे हे कंपनीच्या दप्तरी नोंदलेलंच नव्हतं. बिलावर उद्यम क्रमांक छापायला मला सांगितलं ते याच साहेबांनी.

सुईदोरा

कायदा होताच, असं म्हणणं सोपं आहे हो. तो कुणीतरी हातात आणून द्यावा लागतो.

मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून शिवणकामाच्या युनिटसाठी मी आठ लाखांचा अर्ज केला. उद्योग केंद्राने मंजूर करून बँकेकडे पाठवला. शाखेत मला तीनदा परत पाठवलं. तारण काय देता? घर सासूबाईंच्या नावावर. मग नवऱ्याला घेऊन या. नवरा असता तर आणला असता.

त्या गुरुवारी मी हॉलमध्ये रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. साहेबांनी आधी पाणी दिलं. मग सांगितलं की सूक्ष्म-लघु उद्योगांना १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असं रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच बँकांना बजावलंय. आणि एकच गोष्ट करायला सांगितली : बँकेत जा आणि नकार लेखी मागा. तोंडी नको, कागदावर, कारणासहित. मी गेले. तो कागद मला कुणी दिला नाही, पण पुढच्या आठवड्यात फाइल पुढे सरकली.

आज माझ्याकडे बारा मशिनं आहेत आणि शाळांच्या गणवेशाचं काम आहे. बाभूळबन, कलमं तुम्हाला पाठ आहेत, चांगलंच आहे. माझ्यासारखीला कलम कुणाला विचारायचं तेच माहीत नसतं. तिथे माणूसच लागतो. मी दोन सह्या करायला तयार आहे.

कर्जविभाग

दुसऱ्या जिल्ह्यात बँकेत कर्ज विभागात काम करतो. सुईदोरा ताईंच्या बाबतीत शाखेची चूक होती, आणि नवऱ्याबद्दलचं वाक्य तर कुणी उच्चारायलाच नको होतं.

पण आमच्या टेबलावरून दिसतं तेही सांगतो. उद्योग केंद्राचं उद्दिष्ट मार्चअखेर पुरं व्हावं लागतं. म्हणून फेब्रुवारीत एका आठवड्यात चाळीस-पन्नास प्रकरणं येऊन पडतात. प्रोजेक्ट रिपोर्ट सगळे एकाच दुकानात छापलेले. पीठगिरणी आणि फोटो स्टुडिओ, दोन्हींची विक्री महिन्याला तेवढीच, वीजबिल तेवढंच. आम्ही परत पाठवतो आणि आढावा बैठकीत ओरडा होतो की बँका सहकार्य करत नाहीत. मंजूर झालेल्यांतही काही जणांची नजर फक्त अनुदानावर असते. ते अनुदान तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहतं. ती मुदत संपली की काही युनिटच्या जागी कुलूप दिसतं.

तुमचे साहेब यात किती होते मला माहीत नाही. पण किती प्रकरणं पाठवली यापेक्षा पाठवलेली किती युनिटं तीन वर्षांनी चालू आहेत, ते निवेदनात लिहा. तो आकडा चांगला असेल तर माझा विरोध नाही.

तिसरी_शिफ्ट

फेब्रुवारीतली गर्दी मी डोळ्यांनी पाहिली आहे, नाकारत नाही. त्यांच्या काळातली युनिटं अजून तीन वर्षांची झालीच नाहीत, त्यामुळे तो आकडा आज कुणाकडेच असणार नाही. मुदतीआधी बदली झाली की हेही होतं, केलेल्या कामाचा हिशेब द्यायला माणूस जागेवर राहत नाही.

बाभूळबन

हा मुद्दा मी मान्य करतो. तुमच्या पहिल्या पोस्टपेक्षा हा जास्त वजनदार आहे.

निवृत्त_कारकून

अशाच एका कार्यालयात एकतीस वर्षे नोकरी केली. नऊ महाव्यवस्थापक पाहिले. दोन उत्तम, दोन अगदी वाईट, बाकीचे आपले काम बरे आणि आपण बरे.

उद्दिष्ट वरून येते, ते महाव्यवस्थापक ठरवत नाही. निरीक्षकांच्या जागा रिकाम्या असतात, एकाकडे तीन-तीन तालुके, आणि साहेबाकडे कधी शेजारच्या जिल्ह्याचाही कार्यभार. अशा स्थितीत जो गुरुवारी दोन तास हॉलमध्ये बसतो, तो ते दोन तास घरच्या वेळेतून काढतो. बाहेरून हे दिसत नाही, म्हणून लिहिले.

तरीही बाभूळबन यांचे एक म्हणणे मला पटते. त्या दोन उत्तम साहेबांपैकी पहिल्यांचा निरोप समारंभ मोठा झाला. लोक रडले. सहा महिन्यांत कार्यालय होते तसे झाले. दुसऱ्यांच्या निरोपाला चहा-बिस्किटे होती. पण त्यांनी आवक नोंदवहीत एक रकाना वाढवला होता, अर्जातील त्रुटी अर्जदाराला कोणत्या तारखेला कळवली. एवढेच. त्या रकान्यामुळे आम्हा कारकुनांना फाइल दाबून ठेवता येईना, आणि खरे सांगायचे तर आमचेही सोपे झाले, कारण अर्जदार रोज येऊन विचारायचा थांबला. मी निवृत्त होईपर्यंत तो रकाना होता. ज्यांनी तो सुरू केला त्यांचे नाव नव्या मुलांना ठाऊक नव्हते.

म्हणून सुचवतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समितीची बैठक होते, उद्योग केंद्राचा महाव्यवस्थापक तिचा सदस्य सचिव असतो. गुरुवारची वेळ, दारावरची पाटी आणि थकीत बिलांसाठी मदत, हे तीन विषय त्या बैठकीत घ्यायला लावा आणि इतिवृत्तात येतील असे पाहा. इतिवृत्तात आले की पुढच्या बैठकीत नव्या साहेबाला अनुपालन सांगावे लागते. शिवाय ज्या २००५ च्या कायद्याचा वर उल्लेख आला, त्याच कायद्यात कोणतीही फाइल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असेही आहे. बदलीचा भाग सर्वांना पाठ असतो, हा भाग कुणी वाचत नाही. आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवेला उशीर झाला तर अपील करता येते, दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

बाभूळबन

असं निवेदन असेल तर माझी पहिली सही. फक्त बदली रद्द करा हे वाक्य काढा.

सुईदोरा

ते वाक्य काढू नका. इतिवृत्त वगैरे ठीक आहे, तेही करा. पण नवीन साहेब येईपर्यंत प्रभारी असतील, प्रभारी कुठल्या कागदावर सही करत नाहीत हे आम्ही मागच्या वेळी पाच महिने भोगलंय. माझ्या ओळखीच्या दोघींची प्रकरणं आत्ता बँकेत आहेत. त्यांना पुढच्या पाच महिन्यांत कोण विचारणार? न्यायाधिकरणात जायचं की नाही ते साहेबांनी ठरवावं. आम्हाला ते हवेत हे सांगायचा हक्क आम्हाला आहे, आणि एखादा अधिकारी हवा म्हणून लोक स्वतःहून सांगतात ही काही रोज घडणारी गोष्ट नाही.

निवृत्त_कारकून

प्रभारी काळाबद्दल ताई म्हणतात ते अगदी खरे.

तिसरी_शिफ्ट

मग दोन कागद करतो. एक पालकमंत्र्यांना, बदलीबद्दल. ज्यांना पटेल त्यांनी सही करावी, मी करणार आहे. दुसरा जिल्हाधिकाऱ्यांना, उद्योग मित्र समितीसाठी. त्यात कारकून काकांनी सांगितलेले तीन विषय आणि चौथा माझा : प्रभारी काळातही गुरुवारी कुणीतरी अधिकारी हॉलमध्ये बसेल आणि त्याचं नाव पाटीवर लिहिलं जाईल. सोमवारी सकाळी दहाला वसाहतीच्या गेटवर दोन्ही कागद ठेवतो.

भट्टीवाला

मी या वादात नाही, पण एक विचारायचं आहे. माझं फाउंड्रीचं छोटं काम आहे. कंपनीच्या पर्चेस ऑर्डरवरच ९० दिवस छापलंय आणि मी ती सही करून स्वीकारली आहे. आज ७१ वा दिवस. मला काही बोलता येतं का, की सही केली म्हणून संपलं?

तिसरी_शिफ्ट

संपलं नाही. कागदावर ९० लिहिलं असलं तरी कायदा ४५ च धरतो. माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजा. आधी दोन गोष्टी बघा : उद्यम नोंदणी त्या ऑर्डरच्या आधीची आहे ना, आणि ती उत्पादन किंवा सेवेची आहे ना, नुसती व्यापाराची नाही ना. मग सही-शिक्क्याची चलनं तारखेने लावा. आधी स्वतःच्या लेटरहेडवर पत्र द्या. नाही हललं तर सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज, तो थकीत बिलांचे दावे ऐकणाऱ्या सुकर परिषदेकडे जातो. परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायद्यात आहे, पण माझ्या शेजारच्या शेडचं प्रकरण वर्षावर चाललंय, तेव्हा पत्रावर जोर द्या.

आदेशाप्रमाणे साहेब शुक्रवारपर्यंत आहेत. उद्या गुरुवार. तीनला या, मी हॉलमध्ये असेन. चलनं घेऊन या.