मदत हवी आहे: वरच्या बांधकामाची माती पावसात आमच्या सोसायटीत येते, नियम काय आहेत?

रानजाई

नमस्कार मंडळी,

पुण्याच्या एका टेकडीच्या उतारावर आमची जुनी, छोटी सोसायटी आहे. वरच्या अंगाला अंदाजे तीन एकरांच्या प्लॉटवर दिवाळीनंतर मोठ्या प्रकल्पाचं काम सुरू झालं. उन्हाळाभर पोकलेन चालला. उतार कापून सपाट टप्पे केलेत, निघालेला मुरूम कडेला ढिगांनी रचलाय, झाडोरा तर औषधालाही शिल्लक नाही. परवाच्या वळवात त्यातला बराचसा ढीग आमच्याकडे राहायला आला.

पाणी गेटमधून येत नाही, कंपाउंड वॉलच्या बुडातून येतं. पार्किंगमधून लिफ्टच्या खड्ड्यात जातं आणि जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाच्या फटीतून आत. टाकी उपसली तेव्हा तळाला बोटभर गाळ होता, चहाच्या रंगाचा आणि मेणासारखा गुळगुळीत. पावसाळी गटाराची चेंबरं तर काठोकाठ भरली आहेत. ही सगळी गंमत एका तासाच्या पावसाची. जुलै अजून यायचाय.

साइटवरचा सुपरवायझर म्हणतो, "ताई, पाणी उतारानंच जाणार, त्याला मी काय करू?" एका सरकारी टेबलावर गेलं की दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतात.

मला विचारायचंय ते असं: बांधकामाची माती वाहून शेजाऱ्याकडे जाऊ नये यासाठी आपल्याकडे काही नियम आहे का? तक्रार नक्की कुणाकडे करायची? आणि बिल्डरकडे 'काहीतरी करा' याऐवजी नेमकं काय मागायचं? मी सोसायटीची सचिव आहे, पण वकील नाही आणि इंजिनिअरही नाही, तेव्हा सोप्या भाषेत सांगा.

टवाळखोर

नगरसेवकाला धरा. नियमबियम नंतर.

ओळंबा

टवाळरावांचा सल्ला अगदीच टाकाऊ नाही, पण नगरसेवकाच्या हातातही कागद द्यावा लागतो.

रानजाई, मी साइट इंजिनिअर आहे, हयात खोदकामात गेली. 'बांधकामावरील मृदा धूप नियंत्रण नियम' अशा नावाचा एकच एक कायदा तुम्हाला महाराष्ट्रात मिळणार नाही. जे आहे ते चार ठिकाणी विखुरलेलं आहे आणि प्रत्येक तुकड्याचा मालक वेगळा. म्हणूनच टेबलं फिरवतात. तुमच्या प्रकरणात कुठला तुकडा लागू पडतो हे कळायला आधी एवढं सांगा: प्रकल्पाचं एकूण बांधीव क्षेत्र किती? मुरमाच्या गाड्या बाहेर जातात का? आणि काम सुरू होण्याआधी वरचं पाणी कुठून वाहायचं? पहिल्याचं उत्तर महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर मिळेल. साइटच्या बोर्डावर नोंदणी क्रमांक असतो, तो टाकला की मंजूर नकाशे आणि कागदपत्रं दिसतात.

रानजाई

शोधलं. बांधीव क्षेत्र ४१,००० चौरस मीटरच्या आसपास आहे. पर्यावरण मंजुरीचं पत्रही तिथेच सापडलं, पण इंग्रजीत आणि भलंमोठं. डंपर बाहेर जातात, बहुतेक रात्री. आणि पाण्याचं म्हणाल तर पश्चिमेच्या कडेनं एक ओघळ होती, पावसाळ्यात खळाळायची. आता तिथे भराव टाकून सिमेंटची भिंत उभी केलीय.

ओळंबा

मग तुमची बाजू वाटली होती त्यापेक्षा मजबूत आहे. जरा सविस्तर लिहितो.

पर्यावरण मंजुरी: २००६ च्या ईआयए (पर्यावरण आघात मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पाला ती घ्यावीच लागते. त्या भल्यामोठ्या पत्राचा मथळा सोडा आणि 'बांधकाम टप्पा' या अटी वाचा. आपल्याकडच्या बहुतेक पत्रांत दोन अटी असतातच. वरची सुपीक माती काढून प्लॉटवरच साठवायची आणि पुढे बागेसाठी वापरायची, ही एक. खोदकामाच्या राडारोड्याचा शेजारच्या वस्तीला त्रास होता कामा नये, ही दुसरी. तुमच्या टाकीतला गाळ म्हणजे या दुसऱ्या अटीचा भंग. अटी पाळल्याचा अहवाल बिल्डरला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. आत्ता जूनच आहे. त्यात त्यानं काय लिहिलंय ते मागा. तक्रार राज्याच्या पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाकडे आणि प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला.

धूळ: हे फारसं कुणाला सुचत नाही. २५ जानेवारी २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत बांधकामावरच्या धुळीचे नियम आहेत आणि त्यात मोकळी माती, वाळू, राडारोडा उघडा ठेवायचा नाही असं स्पष्ट म्हटलंय. हवा खराब असलेल्या शहरांच्या यादीत पुणे आहे. नियम धुळीचा असला तरी झाकलेला ढीग पावसातही जागेवर राहतो, त्यामुळे तो बेधडक वापरा.

मुरूम: प्लॉटवरची माती त्याच प्लॉटवर भरायला वापरली तर स्वामित्वधनाचा, म्हणजे सरकारला द्यायच्या रॉयल्टीचा, प्रश्न सहसा येत नाही. पुण्याच्या बिल्डर संघटनेच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये माती कशासाठी काढली हे बघायला सांगितलं होतं. पण गाडी गेटबाहेर पडली की रॉयल्टी आणि वाहतूक पास दोन्ही लागतात. पास नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो आणि ४८(८) खाली गाड्या-यंत्रं जप्त होऊ शकतात. हे तहसीलदाराचं काम. माझा अनुभव सांगतो, साइटवर सगळ्यात जास्त धाक याच कलमाचा असतो. मात्र यानं तुमचा चिखल थांबत नाही, फक्त समोरचा माणूस फोन उचलायला लागतो.

ओघळ: भूमी अभिलेखाकडून गावनकाशाची प्रत काढा. तिथे ओढा किंवा नाला दाखवलेला असेल तर तो परस्पर बुजवता येत नाही, मग तुमचा अर्ज थेट बांधकाम परवानगी विभागाकडे. उताराचंही बघून घ्या. १:५ पेक्षा तीव्र (पाच मीटरला एक मीटरहून जास्त चढ) उतारावर बांधकामाला राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मज्जाव आहे.

शिवार

ओळंबा यांनी कागदाची बाजू मांडली, मी जमिनीची मांडतो. पाणलोटाची कामं करतो. गावाकडे आपण 'माथा ते पायथा' म्हणतो, म्हणजे काम वरून सुरू करायचं. शहरात नेमकं उलटं होतं, पायथ्याशी भिंत बांधतात आणि माथा उघडा सोडतात.

आधी आकडा डोक्यात ठेवा. एका एकरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ते दोन लाख लिटर पाणी होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. तुमच्या वर तीन एकर आहेत. पोकलेननं दाबून टणक झालेल्या मुरमात फारच थोडं जिरतं. तेव्हा पन्नास टँकर एका दुपारी तुमच्या भिंतीवर रिकामे केले असं समजा. सुपरवायझरचं 'पाणी उतारानंच जाणार' हे खरंच आहे. प्रश्न ते माती घेऊन जाणार की नाही आणि किती वेगानं जाणार, एवढाच आहे.

म्हणून मागायचं ते या क्रमानं. खोदकामाच्या वरच्या कडेला एक चर, टेकडीचं स्वच्छ पाणी उघड्या मातीत शिरू न देता बाजूनं काढून देणारा. हा चर पोकलेनला अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि निम्मा त्रास त्यानंच कमी होतो. मग कापलेल्या टप्प्यांवर मधे मधे आडवे चर किंवा वाळूच्या पोत्यांच्या ओळी, पाण्याचा वेग तोडायला. सगळ्यात खाली, तुमच्या भिंतीच्या वरच्या अंगाला, गाळ बसायला मोठा खड्डा. पाणी त्यात एका टोकानं शिरावं आणि दुसऱ्या टोकानं, वरच्या थरातून, दगडांवरून बाहेर पडावं. ज्या उतारांवर वर्षभर काम नाही तिथे काथ्याची जाळी अंथरून गवताचं बी टाकायचं. वाळा लावला तर उत्तमच, मुळं सरळ खोल जातात. ढिगांवर ताडपत्री, आणि ताडपत्रीच्या कडा पोत्यांनी दाबलेल्या. नुसती टाकलेली पहिल्या वाऱ्यात उडते आणि मग तुमच्याच गच्चीवर सापडते.

यातलं काहीही महाग नाही. एका फ्लॅटच्या मॉड्युलर किचनपेक्षा स्वस्तात होईल.

कॅरीकर

मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात राहतो. इथे यासाठी १९७३ पासून राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. एक एकर किंवा जास्त जमीन उघडी करायची असेल तर गाळ-नियंत्रणाचा आराखडा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. साइटवर पर्जन्यमापक असतो. आठवड्यातून एकदा आणि २४ तासांत एक इंच पाऊस झाला की पुढच्या दिवसात पाहणी करून वहीत नोंद करायची. दंड दिवसाला ५,००० डॉलरपर्यंत.

दोन गोष्टी तुम्हाला उपयोगी पडतील. कडेनं काळ्या कापडाचं कुंपण लावतात, ते कापड नुसतं खुंट्यांना बांधून भागत नाही, तळ चरात पुरून माती दाबावी लागते, नाहीतर पाणी खालून निघून जातं. आणि कुंपणाच्या निम्म्या उंचीपर्यंत गाळ साचला की काढायचा. गाळाच्या खड्ड्याचं इथल्या केंद्र सरकारच्या परवान्यातलं माप एकराला ३,६०० घनफूट आहे, म्हणजे साधारण एक लाख लिटर. शिवार यांच्या हिशोबाशी ताडून बघा, एक इंच पाऊस मावतो.

इथेही सगळे पाळतात असं समजू नका. कुंपण आडवं पडलेलं मी रोज ऑफिसला जाताना बघतो. फरक इतकाच की फोटो पाठवला की माणूस येतो.

म्हापसेकर

गोव्यात आमच्याकडे नगरनियोजन कायद्यात कलम १७अ आहे, परवानगीशिवाय डोंगर कापायचा नाही आणि सखल जमीन बुजवायची नाही. कलम एकदम स्पष्ट. तरी डोंगर कापलेले दिसतातच, ते सोडा. सांगायचं म्हणजे 'कलम नाही म्हणून होतं' असं नाही.

ओळंबा

एक धोक्याची गोष्ट राहिली. रानजाई, ती पश्चिमेची नवी भिंत जाऊन बघा. पाणी झिरपायला तिला भोकं ठेवली आहेत का? आम्ही वीप होल म्हणतो, पाइपचे तुकडे बाहेर डोकावतात. नसतील तर मागच्या भरावात पाणी साठून भिंतीवर दाब येतो. कोंढव्यात जून २०१९ मध्ये संरक्षक भिंत कोसळून खालच्या झोपड्यांतले १५ जण गेले. त्याआधी जून २०१३ मध्ये कात्रज घाटाखाली शिंदेवाडीला, डोंगर कापलेल्या भागातून आलेल्या लोंढ्यात महामार्गावरच्या गाडीतून मायलेकी वाहून गेल्या. घाबरवण्यासाठी लिहीत नाही. भिंतीला तडा, फुगवटा किंवा बुडातून गढूळ पाणी दिसलं तर मात्र अर्ज-बिर्ज नंतर, आधी आपत्ती व्यवस्थापन कक्षाला फोन आणि भिंतीलगतचं पार्किंग रिकामं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंत बघून आले. भोकं आहेत, पण खालची ओळ भरावात पुरली गेलीय. फोटो काढलेत, तारीख-वेळेसकट. गढूळ पाण्याची बाटलीही भरून ठेवलीय.

वकिलाकडे जावं का? हरित लवादाचं (पर्यावरणाचे वाद ऐकणारं न्यायपीठ) नाव एका सभासदानं काढलं.

ओळंबा

लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे, त्यामुळे जायला सोपं. लवादाच्या कायद्याच्या कलम १४ खाली अर्ज करायचा तर वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, नुकसानभरपाईला पाच वर्षं. म्हणजे पहिल्या चिखलाची तारीख आजच लिहून ठेवा. पण लगेच जाऊ नका. आधी लेखी पत्र, पोच, आठवड्याची मुदत. न्यायाधीश पहिला प्रश्न तोच विचारतात. ओघळ बुजल्यानं सार्वजनिक रस्त्यावरही चिखल येत असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे उपद्रव हटवण्याचा अर्ज करता येतो. पूर्वीचं सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १३३, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२.

रानजाई

पत्राचा मसुदा, बघून सांगा:

"आपल्या प्रकल्पावरून वाहून आलेल्या मातीमुळे आमच्या पिण्याच्या पाण्याची टाकी, लिफ्ट व पावसाळी गटार यांचे नुकसान झाले आहे (छायाचित्रे सोबत). पर्यावरण मंजुरीतील अटींनुसार आपण ताबडतोब पुढील कामे करावीत. १. वरच्या कडेला पाणी वळवणारा चर. २. मातीचे सर्व ढीग झाकणे. ३. आमच्या हद्दीलगत योग्य आकाराचा गाळाचा खड्डा. ४. पश्चिमेच्या भिंतीची पाणी जाण्याची छिद्रे मोकळी करणे. ५. बुजवलेला ओघळ पूर्ववत करणे."

शिवार

छान झालंय. 'योग्य आकाराचा' काढा, तो म्हणेल बादलीएवढा योग्य आहे. एकराला एक लाख लिटर, तीन एकरांना तीन लाख, असं लिहा. आणि गाळ निम्मा भरला की उपसायचा, हेही टाका. खड्डा खोदतात सगळे, उपसत कुणी नाही.

ओळंबा

'ताबडतोब' च्या जागी तारीख. 'अटींनुसार' पुढे पत्राचा क्रमांक आणि अटीचा अनुक्रमांक, दोन्ही. आणि टाकी उपसल्याची पावती असेल तर जोडा. पत्र साइटवर न देता कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा, सुपरवायझरला फक्त प्रत.

टवाळखोर

आणि एक प्रत नगरसेवकाला.

रानजाई

टवाळखोर, तीही टाकलीय :) उद्या स्पीड पोस्टानं जातंय. चर खणला की इथे फोटो टाकते, नाही खणला तर कलम १५२ च्या अर्जाचा नमुना मागायला येते.